कॅस्लनचे खिळे

पुस्तक वाचून झालें म्हणजे त्याच्या लेखकाविषयीं आपण बोलतों, विषयाविषयीं वाद घालतों, क्वचित् कागदाची व बांधणीचीहि तारीफ करितों. परंतु ज्या अक्षरांच्या वाटेनें तें सारें आपल्या मनांत उतरलें, त्या अक्षरांना रूप कोणी दिलें हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. यांत वाचकाचा फारसा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वाचतांना अक्षराकडे लक्ष जाऊं नये, हाच चांगल्या अक्षराचा पहिला गुण मानण्याची चाल आहे. तथापि गुण नजरेंत भरत नाहीं म्हणून त्याची परीक्षाच करूं नये, हें बरें नव्हे. विहिरीचें पाणी गोड लागलें म्हणजे ती कोणी खणली याची चौकशी करण्यांत कृतज्ञताच आहे.

इंग्रजी छापील अक्षरांमध्यें 'कॅस्लन' या नांवाचें एक घराणें आहे. त्याचा मूळपुरुष विल्यम कॅस्लन हा अठराव्या शतकांत लंडन शहरीं होऊन गेला. त्याच्या खिळ्यांनीं धर्मग्रंथ छापले, कायदे छापले, नाटकें छापलीं, आणि एका नव्या राष्ट्राच्या जन्माची वार्ताहि छापली. मध्यंतरीं हीं अक्षरें अडगळींत पडलीं होतीं. तेथून तीं पुन्हां वर आलीं, आणि आज संगणकाच्या युगांतहि त्यांचें नांव पुसलें गेलेलें नाहीं. हें दीर्घायुष्य त्यांना अंगच्या गुणांमुळें लाभलें, कीं केवळ वाचकांच्या डोळ्यांस पडलेल्या संवयीमुळें, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचें उत्तर इंग्रजी अक्षरांपुरतेंच राहत नाहीं.

प्रथम 'जुन्या वळणाचें अक्षर' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. रुंद टोंकाची लेखणी किंचित् तिरकी धरून लिहिलें असतां कांहीं रेघा जाड व कांहीं बारीक उमटतात. ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं बोरूनें कित्ता गिरविला असेल, त्यांस हें निराळें समजावून द्यावयास नको. रोमन लिपींतील गोल अक्षर अशा लेखणीनें काढलें कीं त्याची जाडी थेट दोन्ही बाजूंस न पडतां जराशी कलती पडते. तसेंच उभ्या रेघेच्या डोक्याशीं व पायाशीं लहानशीं आडवीं टोंकें येतात. त्यांस इंग्रजी मुद्रक 'सेरिफ' म्हणतात. जुन्या वळणांत हीं टोंकें झाडाच्या बुंध्यापासून मुळें फुटावीं तशीं हळूच वांकून निघतात. जाड व बारीक रेघांतील अंतर माफक असतें. थोडक्यांत, हें अक्षर धातूंत ओतलेलें असलें तरी त्याला लिहिणाऱ्या हाताची आठवण राहिलेली असते.

या वळणाचा उगम इटलींत झाला. इ. स. १४७० मध्यें व्हेनिस येथें निकोलस जेन्सन यानें, आणि त्या शतकाच्या अखेरीस आल्डस मॅन्युशियस याच्यासाठीं फ्रान्सेस्को ग्रिफो यानें, तत्कालीन विद्वानांच्या हस्ताक्षरावरून छापण्याचीं अक्षरें कोरिलीं. सोळाव्या शतकांत क्लोद गारामों या पॅरिसच्या कारागिरानें तें वळण अधिक सुबक केलें, आणि सतराव्या शतकांत या विद्येचें माहेरघर हॉलंडांत गेलें. या सर्व काळांत इंग्लंड मात्र मागेंच राहिलें. छापखान्यांवर राजसत्तेचा डोळा इतका करडा, कीं १६३७ च्या हुकुमान्वयें सबंध राज्यांत अक्षरें ओतणाऱ्यांची संख्या चारांवर बांधून टाकिली होती. त्यामुळें इंग्रज मुद्रकाला चांगलीं अक्षरें हवीं असलीं म्हणजे तो डच माल मागवी; ऑक्सफर्डच्या विद्यापीठासाठीं जॉन फेल यांनींहि हॉलंडांतूनच ठसे व साचे आणविले.

याच सुमाराची एक गोष्ट आमच्या मुंबईच्या इतिहासांत नमूद आहे. भीमजी पारेख या व्यापाऱ्यानें ईस्ट इंडिया कंपनीकडे विनंति करून एक मुद्रक मागविला. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ देशी अक्षरांत छापावे ही त्याची इच्छा होती. १६७४ मध्यें हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईस येऊन दाखल झाला. परंतु हिल्स छापणारा होता, ठसे कोरणारा नव्हता. त्यामुळें देशी अक्षरांचें तें काम तडीस गेलें नाहीं. छापणें ही एक विद्या आहे आणि अक्षर घडविणें ही दुसरी, हें या प्रसंगावरून चांगलें दिसून येतें. त्या दुसऱ्या विद्येंत त्या काळीं इंग्लंडहि परावलंबीच होतें.

तें परावलंबन संपविणारा पुरुष विद्यापीठांतून आला नाहीं. विल्यम कॅस्लन सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वूस्टरशायर परगण्यांतील क्रॅडली गांवीं जन्मला. लंडनांत एका कोरणाऱ्याकडे त्यानें उमेदवारी केली, आणि पुढें स्वतःचें दुकान थाटून तो बंदुकांच्या चापांवर व नळ्यांवर नक्षी कोरूं लागला. पुस्तकें बांधणाऱ्यांना कातडी पुठ्ठ्यावर नांवें उठविण्यासाठीं जे ठसे लागतात तेहि तो करून देई. मुद्रकांत अशी आख्यायिका आहे, कीं अशाच एका पुस्तकाच्या पाठीवरील रेखीव अक्षरें विल्यम बोयर नामक मुद्रकाच्या दृष्टीस पडलीं. त्यानें कॅस्लनला शोधून काढिलें, एका जुन्या ओतशाळेंत नेऊन तेथील काम दाखविलें, आणि हें तुला जमेल काय असें विचारिलें. कॅस्लननें विचार करण्यास एक दिवस मागितला, आणि दुसऱ्या दिवशीं होकार दिला. बोयर, बेटनहॅम व वॉट्स या तिघां मुद्रकांनीं मिळून पांचशें पौंड कर्जाऊ दिले, आणि काम सुरू झालें.

तें काम किती जिकिरीचें असे, याची कल्पना आज येणें कठीण आहे. पोलादाच्या कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें व उठावदार कोरावयाचें. तें तावून पाणी देऊन कठीण करावयाचें. मग तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याचा खोलगट साचा उठवावयाचा. आणि त्या साच्यांत शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून एकेक खिळा तयार करावयाचा. शिवाय अक्षराचा आकार लहानमोठा हवा असेल तर प्रत्येक आकारासाठीं पुन्हां पहिल्यापासून नवे ठसे. बारीक अक्षरांत रेघ थोडी जाड ठेवावी लागते, पोटांतील पोकळी थोडी मोठी ठेवावी लागते, नाहींतर शाई भरून अक्षर बुजतें. या सर्व तडजोडी मोजपट्टीवर सांपडत नसून त्या कोरणाऱ्याच्या डोळ्यांत व बोटांतच असतात.

नवल असें, कीं ज्या अक्षरांस पुढें अस्सल इंग्रजी म्हणून मान मिळाला त्यांच्या निर्मात्याचें पहिलें मोठें काम अरबी लिपीचें होतें. ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांसाठीं अरबी भाषेंत धर्मग्रंथ छापावयाचे होते. त्यांसाठीं कॅस्लननें अरबी ठसे कोरिले, आणि त्यांतून स्तोत्रसंहिता १७२५ मध्यें व नवा करार १७२७ मध्यें बाहेर पडला. परंपरा सांगते, कीं या अरबी नमुन्याखालीं स्वतःचें नांव छापण्यापुरतीं चार रोमन अक्षरें त्यानें कोरिलीं, आणि तीं पाहून जाणत्या मुद्रकांनीं त्यास संपूर्ण रोमन वर्णमाला करण्याचा आग्रह केला. १७२६ मध्यें बोयरनें छापलेल्या सेल्डनच्या ग्रंथसंग्रहांत हीं अक्षरें झळकलीं. १७३४ मध्यें कॅस्लननें आपल्या सर्व अक्षरांचा नमुना एका मोठ्या पत्रकावर छापून प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर डच मालाची गरज इंग्लंडांत उरली नाहीं.

पुढें चिझवेल रस्त्यावरील घरांत त्याची ओतशाळा भरभराटीस आली. तो संगीताचा मोठा षोकी होता. त्याच्या घरीं दर महिन्यास गायनवादनाची बैठक होई, आणि ती पौर्णिमेच्या जवळच्या गुरुवारीं ठेवण्यांत येई. कारण मंडळींना रात्रीं चांदण्यांत घरीं परततां यावें. दुसऱ्याची वाट सुकर व्हावी म्हणून तिथीचा विचार करणारा हा मनुष्य १७६६ मध्यें वारला, तेव्हां त्याचा धंदा त्याच्या मुलाच्या हातीं सुरक्षित होता.

आतां या अक्षरांचें रूप जवळून पाहूं. कॅस्लननें वळण डच नमुन्यांवरून घेतलें, हें उघड आहे. परंतु डच अक्षरांचा राठपणा त्यानें घालविला आणि त्यांत एक प्रकारचा घरगुती मोकळेपणा आणिला. 'ए' या मोठ्या अक्षराच्या शेंड्यास किंचित् खोलगट चीर आहे. मोठ्या 'सी' ला वर व खालीं दोन्हीकडे टोंकें आहेत. तिरक्या अक्षरांतील कांहीं मोठीं अक्षरें तर फेट्याचा शेमला सोडावा तशीं लांब शेपूट सोडतात. आंकडे एका उंचीचे नाहींत: तीन, चार, पांच, सात व नऊ ओळीखालीं उतरतात, सहा व आठ वर चढतात, आणि म्हणून ते मजकुरांत मिसळून जातात. परंतु एकेक अक्षर सुटें काढून पाहिलें तर त्यांत उणीवा दिसतात. एक जरा रुंद, दुसरें जरा अरुंद. सर्व आकारांत एकच प्रमाण राखलेलें नाहीं. हीं अक्षरें एकत्र बसून पान झालें कीं मात्र या उणीवा एकमेकींत विरून जातात. मोठ्या एकत्र कुटुंबांत जसा प्रत्येकाचा स्वभाव निराळा असूनहि घर एक दिसतें, तसेंच हें आहे.

याच अक्षरांना अटलांटिकपलीकडे एक मोठा चाहता मिळाला. बेंजामिन फ्रँक्लिन तरुणपणीं लंडनांत वॉट्सच्या छापखान्यांत काम करून गेला होता. हा वॉट्स म्हणजे कॅस्लनला कर्ज देणाऱ्या तिघांपैकीं एक. पुढें फिलाडेल्फियांत स्वतःचा छापखाना चालवितांना फ्रँक्लिननें कॅस्लनचे खिळे मागविले, आणि अमेरिकन वसाहतींत त्यांचा प्रसार झाला. १७७६ च्या जुलै महिन्याच्या चौथ्या तारखेस स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तेव्हां त्याच रात्रीं जॉन डनलॅप या मुद्रकानें तो छापावयास घेतला. तेहि खिळे कॅस्लनचे होते. इंग्रज राजाची सत्ता झुगारल्याची बातमी इंग्रज कारागिराच्या अक्षरांतच लोकांपुढें गेली!

फ्रँक्लिनची आणखी एक गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन भिडते. कॅस्लनच्या हयातींतच बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा नव्या तऱ्हेचीं अक्षरें घेऊन पुढें आला. १७५७ मध्यें त्यानें छापलेला व्हर्जिल गुळगुळीत कागद, काळीभोर शाई आणि धारदार रेघा यांमुळें प्रसिद्धीस आला. पण इंग्लंडांतील जुन्या लोकांस तो रुचला नाहीं. १७६० च्या सुमारास बास्करव्हिलला लिहिलेल्या पत्रांत फ्रँक्लिन सांगतो, कीं या बारीक रेघांनीं सारें राष्ट्र आंधळें होईल अशी एका गृहस्थानें त्याच्यापाशीं तक्रार केली. तेव्हां फ्रँक्लिननें कॅस्लनच्या नमुन्याचें पत्रक घेतलें, वरचें नांव फाडून टाकलें, आणि हीं बास्करव्हिलचींच अक्षरें आहेत असें भासवून त्याच्या पुढें ठेविलें. गृहस्थानें लागलीच बोट ठेवून एकेक दोष दाखविण्यास आरंभ केला. जीं अक्षरें तो जन्मभर सुखानें वाचीत आला होता, त्यांतच त्याला आतां डोळ्यांचें मरण दिसूं लागलें. फ्रँक्लिननें त्याला खरी गोष्ट सांगून लाजविलें नाहीं.

ही हकीकत सांगून कित्येक असा निष्कर्ष काढितात, कीं अक्षराची आवडनावड म्हणजे नुसता पूर्वग्रह. आम्हांस त्यांतून थोडें निराळें कांहीं दिसतें. तो गृहस्थ पूर्वीं हीं अक्षरें वाचीत असे. त्या दिवशीं तो तीं पाहत होता. वाचणारा डोळा आणि पाहणारा डोळा हे एकाच मनुष्याचे असले तरी त्यांचे धर्म भिन्न आहेत. पाहणारा डोळा सुटें अक्षर धरून त्याचें सौंदर्य शोधतो, दोष काढितो. वाचणाऱ्या डोळ्याला ओळ हवी असते, शब्दांची ओळख चटकन् पटावयास हवी असते, आणि दहा पानांनंतर थकवा येऊं नये एवढेंच त्याचें मागणें असतें. कॅस्लनचीं अक्षरें पहिल्या परीक्षेंत नापास होऊं शकतात, आणि दुसरींत उत्तीर्ण होतात.

परंतु जग बहुधा पाहणाऱ्या डोळ्यानेंच चालतें. अठराव्या शतकाच्या शेवटीं फ्रान्सांत दिदो घराण्यानें व इटलींत बोडोनीनें जीं अक्षरें पुढें आणिलीं, त्यांत जाड रेघ फार जाड, बारीक रेघ केसासारखी, आणि जाडी अगदीं ताठ उभी. लेखणीची आठवण संपली आणि पट्टी-कंपासाचें राज्य आलें. हीं अक्षरें दिमाखदार होतीं यांत शंका नाहीं. त्यांच्या पुढें कॅस्लन गांवंढळ दिसूं लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचे ठसे त्याच्याच घराण्याच्या ओतशाळेंत धूळ खात पडले.

त्यांचें पुनरागमन झालें तेंहि एका सोंगाच्या निमित्तानें. १८४४ मध्यें लॉंगमन या प्रकाशकांनीं लेडी विलोबी नामक एका सरदारपत्नीची रोजनिशी प्रसिद्ध केली. रोजनिशी पहिल्या चार्ल्स राजाच्या काळची. पण ती वस्तुतः हॅना मेरी रॅथबोन या समकालीन लेखिकेची कल्पित कृति होती. ग्रंथाला जुनेपणाचा साज चढविण्यासाठीं चिझिक छापखान्याच्या चार्ल्स व्हिटिंगहॅम यानें कॅस्लनचे जुने खिळे वापरिले. कॅस्लन त्या राजाच्या वधानंतर चाळीसांहून अधिक वर्षांनीं जन्मला, ही अडचण कोणास जाणवली नाहीं. उलट कित्येकांस ती रोजनिशी खरीच वाटली.

येथें आमच्या मूळ प्रश्नाचा उलगडा होण्यास मदत होते. दीर्घायुष्याचें कारण केवळ संवय असतें, तर संवय मोडल्यावर हीं अक्षरें परत येण्याचें कारण नव्हतें; दोन पिढ्या वाचकांचे डोळे दुसऱ्याच अक्षरांस सरावले होते. कोणी म्हणेल, कीं तीं परत आलीं तीं पोशाख म्हणून, गुणांसाठीं नव्हेत. तेंहि खरें. परंतु पोशाखी वस्त्र समारंभ संपला म्हणजे पेटींत जातें. कॅस्लनचीं अक्षरें पेटींत गेलीं नाहींत. रोजनिशीचें कौतुक ओसरलें, आणि तरी मुद्रक साध्या, चालू काळच्या पुस्तकांसाठीं तींच मागूं लागले. बर्नार्ड शॉ यांच्यासारख्या, जुनें तें सोनें असें कधींच न म्हणणाऱ्या लेखकानें आपलीं नाटकें वर्षानुवर्षें हातानें जुळविलेल्या कॅस्लनच्या खिळ्यांतच छापविण्याचा हट्ट धरिला. कोणतें अक्षर घ्यावें याचा निश्चय होत नसेल तर कॅस्लन घ्यावा, अशी म्हणच इंग्रजी मुद्रकांत रूढ झाली.

मात्र या अक्षरांचीं बंधनेंहि सांगितलीं पाहिजेत. तीं ओलसर, खरबरीत कागदावर हातदाबाच्या यंत्रानें छापण्यासाठीं कोरलेलीं होतीं. तेथें खिळा कागदांत रुते, शाई थोडी पसरे, आणि रेघेला भरीवपणा येई. अतिशय गुळगुळीत कागदावर तीं कधीं कधीं फिकट दिसतात. रुक्ष कोष्टकांत त्यांचे चढउतार करणारे आंकडे अडचणीचे होतात. मूळ घराण्याची ओतशाळा १९३७ मध्यें बंद होऊन तिचे ठसे शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेकडे गेले. १९९० मध्यें कॅरोल ट्वॉम्ब्ली या अमेरिकन कलावतीनें अठराव्या शतकांतील नमुनापत्रकांवरून अडोबी कंपनीसाठीं संगणकावरील कॅस्लन सिद्ध केला. धातु गेला, दाब गेला, वळण राहिलें.

आमच्या भाषेचा या हकीकतीशीं संबंध ठशांच्या विद्येपुरता आहे, पण तो खरा आहे. पोलादी ठसे कोरण्याची हीच रीत चार्ल्स विल्किन्स यांनीं बंगाल्यांत आणिली. १७७८ मध्यें हुगळी येथें छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठीं बंगाली अक्षरें तयार झालीं, आणि त्या कामांत पंचानन कर्मकार हा कारागीर तयार झाला. तो पुढें श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला, आणि त्याच छापखान्यांतून १८०५ मध्यें विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघालें. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत पोरवयांत कामास लागलेल्या जावजी दादाजींनीं ही विद्या आत्मसात् केली, आणि १८६९ मध्यें स्थापिलेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांनीं महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना वाचावयास शिकविलें. कॅस्लनप्रमाणेंच जावजीहि पंडित नव्हते. दोघांचीं बोटें शिकलेलीं होतीं.

आज घरोघरीं संगणकावर अक्षरांचीं शेंकडों वळणें हाताशीं आहेत. लग्नपत्रिका असो कीं कवितासंग्रह असो, आपण यादी उघडतों, एकेक नमुना पाहतों, आणि जें डोळ्यांत भरेल तें निवडतों. म्हणजे फ्रँक्लिनच्या त्या गृहस्थाप्रमाणेंच आपणहि पाहणाऱ्या डोळ्याकडे न्यायासन देतों. पत्रिकेपुरतें तें चालेल, कारण पत्रिका पाहावयाचीच वस्तु आहे. पण ज्या पुस्तकाशीं आपल्या मुलांनीं तासचे तास बसावें अशी आपली इच्छा असेल, त्याची अक्षरें निवडतांना दहा पानें छापून घ्यावींत, तीं संध्याकाळच्या उजेडांत शांतपणें वाचावींत, आणि डोळे काय म्हणतात तें मग विचारावें. अक्षरांची खरी साक्ष तेव्हांच मिळते. कॅस्लनच्या बाजूनें ती साक्ष मध्यंतरींचा विसर सोसूनहि टिकून राहिली, एवढेंच त्याच्या दीर्घायुष्याचें रहस्य आम्हांस दिसतें.